मोगऱ्याचं अत्तर आणि सासऱ्यांची कोकरं

मघाशी मांडवात अत्तर लावणारा आला तेव्हा मी दोन्ही हात पाठीमागं लपवले, ते तुम्ही बघितलंत. बघितलंत ना? आणि मग आपसांत कुजबुजलात, की म्हातारा तिरसट आहे, लग्नघरचं अत्तरसुद्धा घेत नाही. घ्या, चहा घ्या, आणि ऐका. एकदा घेतलं होतं मी अत्तर. स्वतः विकत घेऊन, स्वतःच्या हातानं लावलं होतं. त्या दिवसापासून आजतागायत मी फायाला शिवलेलो नाही. अहो, असला गाढवपणा केला की सांगायला अजून जीभ अडखळते. पण आज सांगूनच टाकतो!

इंग्रजांचं राज्य होतं. मी बाविशीतला. बारामतीत एका गुळाच्या अडतीवर कारकून होतो. आम्ही मूळचे मेंढरंवाले धनगर, पण माझ्या वडिलांनी माझ्या लहानपणीच कळप मोडला आणि माळेगावला पाटाच्या पाण्यावर ऊस धरला. मी सातवी पास! डोक्याला काळी टोपी, खिशाला शिसपेन्सिल. मेंढराशी माझा संबंध एवढाच, की थंडीत घोंगडं पांघरायचो.

वर्षापूर्वी लग्न झालं होतं. बायकोचं नाव हौसा. तेव्हा बायकोचं नाव घ्यायची रीत नव्हती, आता वयामुळं घेतो. तिचे वडील धुळाआबा म्हणजे इंदापूर भागातले जुने मेंढपाळ. शे-दोनशे मेंढरं, आणि सगळं बिऱ्हाड त्यांच्या मागं रानोमाळ.

त्या साली होळीला हौसा माहेरी गेली ती वैशाख लागला तरी परतेना. निरोप आला, मेंढरं व्यालीत, कोकरांना हात पुरत नाहीत, मग येते. मला काही हे पटेना. कारण जाताना ती हसत हसत एक बोलून गेली होती. काय म्हणाली असेल?

"तुमच्या अंगाला गुळाचा वास येतो. शेजारी बसलं की माश्या माझ्या तोंडावर!"

आता सांगा, नव्या नवऱ्याला असं कुणी बोलतं? ते माझ्या मनाला असं लागलं, की माझी खात्रीच झाली. कोकरं बिकरं सगळं निमित्त. बाई येत नाही ती ह्या वासापायी.

इकडं आईनं रोज तोंड सोडलेलं. "शेजारच्या बाया इचारत्यात, सून नांदती का न्हाय म्हणून! जा आन घिऊन ये तिला. एकटा आलास तर दारात उभा करायची न्हाय तुला."

मग मी काय केलं? बाजाराच्या दिवशी अत्तरवाल्यापुढं जाऊन उभा राहिलो.

"जोरकस द्या काहीतरी," म्हटलं.

"ह्या उन्हात?" तो म्हणाला. "हीना लावाल तर दुपारपर्यंत स्वतःचंच डोकं धरून बसाल. हीना थंडीची. उन्हाळ्यात हलकं, फुलांचं लावावं. हा मोगरा न्या. कानात फाया आणि मनगटाला एक बोट. बास. जास्त लावू नका हं."

मी मनात म्हटलं, दुकानदार असून कमी वापरा म्हणतो! म्हणजे मालात नक्की खोट आहे. एका बोटानं काय होणार? ह्याला निदान चार-पाच बोटं पाहिजेत. अहो, सातवी पास माणसाचं डोकं हे असं चालतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या सर्विस मोटारीनं इंदापूरला निघालो. पांढरा सदरा, परीटघडीचं धोतर, मनगटाला मोगरा. उन्हं वर आली तशी मोटार तापली. धूळ, घाम, मागं कुणाच्या तरी कोंबड्या. मला घटकेघटकेला वाटायचं, वास उडाला! की मी आणखी दोन थेंब लावायचो. माझ्या पुढच्या बाकावर एक म्हातारी होती. ती वळून वळून बघायला लागली.

"काय रं बाबा, लगीन कुठं हाय?"

"कुणाचं?"

"वऱ्हाडाचा वास येतोय की. नवरदेव कुठल्या गावाला उतरणार?"

मी खुश! म्हणजे माल चांगला होता. मग उतरायची जागा आली तशी उरलेली बाटली मी तळहातावर ओतली आणि दोन्ही हात कोपरापर्यंत, गळा, छाती, सगळं चोळून घेतलं. रिकामी बाटली खिशात टाकली. म्हटलं, आता येऊ द्या माश्या!

इंदापूरच्या अलीकडं, पाटाच्या कडेला, एका बागायतदाराच्या मोकळ्या रानात सासऱ्यांनी मेंढरं बसवली होती. शेतकरी लेंडीखतासाठी बसवून घ्यायचे तशी. रानात एक निंबाचं झाड, एक पाल, आणि झाडाखाली जाळीच्या कुंपणात कोकरं. मेंढ्या पहाटेच चरायला गेलेल्या. तान्ह्या कोकरांना उन्हात नेत नाहीत, ती तळावरच राहतात. दुपारी ऊन चढलं की मेंढ्या परत येतात आणि आपापल्या पोराला पाजतात. हे मला तेव्हा कुठं ठाऊक होतं!

सासूबाईंनी पायावर पाणी घातलं आणि लागोपाठ तीन शिंका दिल्या. पालाच्या आडोशाला हौसा उभी होती. तिनं मला बघितलं आणि पटकन पदर नाकाला लावला.

मी म्हटलं, लाजली! दोन महिन्यांनी नवरा दिसला, लाजणारच. लागू पडलं अत्तर!

"जावईबापू, बसा निंबाखाली," सासूबाई म्हणाल्या. "मामा आन तुमचा मेवणा बिरू मेंढरं घिऊन येतील आता. आमी मायलेकी पाटावरनं पाणी आणतो. कोकरांवर नुसती नजर ठिवा. कुत्रं आलं तर हाकला. दुसरं कायबी करू नगा."

आता मला सांगा, शिकलेल्या माणसाला 'दुसरं कायबी करू नगा' असं कधी सांगावं का?

थोड्या वेळानं सावली सरकली आणि कोकरांवर ऊन आलं. ती बें बें करायला लागली. माझ्या मनात आलं, हीच संधी. हौसा पाण्याहून परत येईल आणि बघेल, की आपला नवरा तिच्या बापाच्या कोकरांना कसा जपतोय. मी उठलो आणि एकेक कोकरू उचलून पलीकडच्या सावलीत नेऊन ठेवायला लागलो.

नुसतं नेऊन ठेवलं असतं तरी एक वेळ ठीक होतं हो! पण मी प्रत्येकाला छातीशी धरलं. पाठीवरनं हात फिरवला. गालाला गाल लावला. एकाचं नाक धोतरानं पुसलं. दुसऱ्याला तर मांडीवर घेऊन थोपटलं. पंचवीस-तीस कोकरं होती, एकालाही मायेवाचून उपाशी ठेवलं नाही. पालात तीन अशक्त कोकरं निजली होती, तेवढी मात्र राहू दिली, म्हटलं झोपमोड नको.

सासूबाई आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "आगं बया, सावलीत न्हेली व्हय! गुणाचं हो जावई!"

मी हौसाकडं बघितलं. तिनं पुन्हा पदर नाकाला लावला. मी तर हवेतच!

तेवढ्यात धूळ उडाली आणि मेंढरं आली. पुढं धुळाआबा, तांबडा पटका, खांद्यावर काठी. मागं माझा मेहुणा बिरू. रामराम झाला, आणि बिरूनं कोकरं सोडली.

तुम्ही कुणी बघितलंय का ते? बघण्यासारखं असतं. एकीकडून शंभर मेंढ्या ओरडतात, दुसरीकडून कोकरं. एवढा गलका होतो की कानठळ्या बसतात. आणि मग दोन मिनिटांत प्रत्येकाला आपापली आई सापडते आणि सगळीकडं गप्प होतं. नुसता चुटूचुटू पिण्याचा आवाज.

त्या दिवशी गप्प झालं नाही.

पहिलं कोकरू आईच्या कासेला गेलं. मेंढीनं त्याची पाठ हुंगली, आणि अंगावर निखारा पडल्यागत मागं उडी मारली! पोरगं पुन्हा गेलं, तर तिनं डोक्यानं ढुशी देऊन त्याला लोळवलं. दुसरीनं तेच. तिसरीनंही तेच. बघता बघता सगळ्या रानात मेंढ्या पुढं पळतायत आणि कोकरं त्यांच्या मागं रडत धावतायत!

धुळाआबा काठी टेकून उभेच राहिले. डोळे ताठ. 

"आरं बिरू... ही सोताच्या पोराला मारती रं!"

"आबा, ही बी मारती! आन ती चितळी बी!"

"जल्मात असं बघितलं न्हाय मी. काय इपरित म्हणायचं हे!"

मी सुद्धा हादरलो. आईनं पोराला लाथ मारलेली मी तरी कुठं बघितली होती?

मग सुरू झाला शोध. सासूबाई म्हणाल्या, "दिष्ट लागली! सकाळी त्यो पाटाचं पाणी सोडणारा पाटकरी आला हुता, बोटानं कोकरं मोजून गेला. मी मनात म्हणलंच, मोजू नये बाबा."

बिरू म्हणाला, "काल गोसाव्यावर कुत्रं धावलं, त्येचा तळतळाट."

"न्हाय रं," धुळाआबा म्हणाले, "माझाच बिरोबाचा नवस फेडायचा ऱ्हायलाय." आणि भंडाऱ्याची पिशवी काढून त्यांनी सगळ्या कळपावर भंडारा उधळला. मेंढ्या पिवळ्या झाल्या, पण पाजायला काही तयार झाल्या नाहीत.

आता माझ्यातला सातवी पास जागा झाला. मी पुढं झालो.

"मामा, दृष्ट नाही आणि तळतळाट नाही. हा रोग आहे. मी तपासतो."

आणि मी काय केलं असेल? पुन्हा एकेक कोकरू उचललं! जिभा बघितल्या, पापण्या वर करून बघितल्या, पोटाला कान लावले. एकाला स्वतः मेंढीच्या कासेला लावायला गेलो, तर ती मला बघून अशी उधळली की जाळीचं कुंपण घेऊन पाटापर्यंत गेली. तिच्यामागं आणखी दहा. बिरू शिव्या देत त्यांच्या मागं पळाला.

"बघितलंत?" मी म्हटलं. "रोग डोक्यात गेलाय."

धुळाआबा मटकन खाली बसले. त्यांनी एक कोकरू जवळ घेतलं. ते त्यांचं बोट चोखायला लागलं. आणि अहो, त्या सहा फुटी गड्याच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी! "आठ-धा दिसांची पोरं ही. ह्या उन्हात सांजपतुर दूध न्हाय मिळालं, तर माना टाकतील हितंच. मी निस्तं बघत बसू व्हय?"

  चहूकडं ती ओरडणारी पोरं आणि मधे रडणारा म्हातारा. मला राग आला, आणि मी उभा राहून मोठ्यानं म्हणालो, "मामा, ज्यानं कुणी हे केलं असेल त्याला मी सोडणार नाही! पोलिसात देईन, पोलिसात!"

तेवढ्यात पालाच्या दारातनं हौसाचा आवाज आला. "आबा, पालातली तिन्ही प्याली."

सगळे तिकडं वळले. ती तीन अशक्त कोकरं, मी न उचललेली, आपापल्या आईखाली उभी राहून शेपट्या हलवत पीत होती.

"ती कशी प्याली मंग?" बिरूनं विचारलं.

"त्येंला कुणी काय केलं न्हाय म्हणून," हौसा म्हणाली.

"आन बाकीच्यास्नी कुणी काय केलं?"

 हौसानं जवळचं एक कोकरू उचललं, नाकाशी नेलं, आणि माझ्याकडं बघितलं. 

"आये," ती म्हणाली, "ह्या कोकराला मोगरा लागलाय."

सासूबाईंनी एक कोकरू हुंगलं. बिरूनं एक हुंगलं. धुळाआबांनी मांडीवरचंच हुंगलं. मग मीही एक उचललं आणि हुंगलं.

"कुठं काय? मला तर कसलाच वास येत नाही!"

सकाळपासनं त्या वासात बुडालेलो मी, मला काय कप्पाळ येणार? आणि ते कोकरू खाली ठेवायला वाकलो, तर खिशातली बाटली टपकन धुळाआबांच्या पुढ्यात पडली.



धुळाआबा उठले. माझ्याजवळ आले. टोपीपासनं वहाणेपर्यंत मला हुंगलं.

"पावणं, मेंढी डोळ्यानं न्हाय, नाकानं लेकरू वळखती. चार वर्साच्या पोराला हे ठावं आसतं." मग जरा थांबून म्हणाले, "तुमी धनगराच्याच पोटी आलाय न्हवं?"

धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं मला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. 

"आता उभं काय ऱ्हाता दाजी?" बिरू ओरडला. "काढा ती कापडं!"

माझा सदरा, धोतर, टोपी, सगळं लांब नेऊन खड्ड्यात पुरलं. मला पाटाच्या चिखलानं घासलं, राखेनं घासलं, आणि तरी वास जाईना म्हणून बिरूनं मेंढरांच्या लेंड्या पाण्यात कालवून माझ्या हातांना चोळल्या. काय प्रेमानं चोळल्या म्हणून सांगू! मग त्याचंच जुनं धोतर नेसलो, डोक्याला त्याचा मळका पटका, आणि वैशाखाच्या उन्हात अंगावर घोंगडं.

मग सगळे कामाला लागलो. धुळाआबांना कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं हे तोंडपाठ. ते बोट दाखवायचे, बिरू मेंढी धरून आणायचा. हौसा कासेतनं चार धारा काढून कोकराच्या पाठीवर, डोक्यावर, शेपटीखाली चोळायची. थोडं दूध मेंढीच्या नाकालाही लावायची. आणि मी? मी मेंढीचा मागचा पाय धरून बसायचो. लाथा किती खाल्ल्या त्याचा हिशेब नाही. एकेक मेंढी नाक फुरफुरवायची, पुन्हा पुन्हा हुंगायची, आणि मग केव्हातरी आपलंच दूध ओळखून पोराला चाटायला लागायची. चाटायला लागली की धुळाआबा हळूच म्हणायचे, "हां. घेतलं पदरात."

उन्हं कलली तेव्हा एकच कोकरू राहिलं होतं. ज्याला मी मांडीवर थोपटलं होतं ना, तेच. मेंढी काही केल्या घेईना. ओरडून ओरडून त्याचा आवाज बसलेला, मान लटपटायला लागलेली. मी त्या मेंढीचा पाय धरून अक्षरशः रडत होतो, "घे गं बाई, माझी चूक हाय, त्याचं काय न्हाय, घे गं." हौसानं तिसऱ्यांदा दूध चोळलं. मेंढीनं हुंगलं, थांबली, आणि एकदाची जीभ बाहेर काढली! ते पोरगं असं तुटून पडलं कासेवर, की मी तिथंच चिखलात बसलो.

धुळाआबांनी मला आठ दिवस ठेवून घेतलं. पाहुणचाराला नाही! रोज दुपारी मेंढ्यांचे पाय धरायला. नवव्या दिवशी म्हणाले, "न्या आता हौसेला. पोरगी ऱ्हायली ती कोकरांपायी, दुसरं काय न्हवतं." म्हणजे निरोप खरा होता हो! गुळाबिळाचा काही संबंधच नव्हता! हे ऐकून मला दुसरा धक्का बसला.

परतीच्या सर्विस मोटारीत ड्रायव्हरनं हौसाला आत बसवलं. मला हुंगलं आणि टपावर पाठवलं.

माळेगावात पोचलो तेव्हा दिवस बुडत होता. आई दारात उभी. सुनेला बघून तिनं कडाकडा बोटं मोडली. "आली गं माझी बाय! आन लेक कुठाय माझा? ह्या मेंढक्याला तिकडं गोठ्यापाशी बसव, मी त्येला भाकरी देते."

"आये, मी हाय की!" म्हणत मी पुढं झालो.

आई जवळ आली. मला हुंगलं. आणि पदर नाकाला लावून दोन पावलं मागं उडाली!

मागनं हौसाचा हळू आवाज आला. "घाबरू नगा. गोठ्यातनं वाईच दूध आणते, डोक्याला चोळू. मंग घेतील आत्याबाई."

आणि काय सांगू तुम्हाला, मी पटका काढून डोकं पुढं केलं हो!